माटोळीच्या चौकटीवरची आगगाडी

श्रावण अर्धा उलटला की पेडण्याच्या बाजारात, रस्त्याच्या कडेला, पोत्यांवर रानातली फळं येऊन बसतात. कांगलांचे पिवळे घोस, हलवल्या की आतून खुळखुळणाऱ्या घागऱ्यो, आंबाडे, डोक्याएवढी तोरिंगं, सुपारीची शिपटी, नारळांची सबंध पेंड. पुण्या-मुंबईहून आलेला एखादा पाहुणा गाडी थांबवून विचारतो, हे खातात कसं? विकायला बसलेली बाई त्याच्याकडे न बघताच सांगते, "खावंक न्हय, माटोळयेक." पाहुणा मान डोलावतो आणि तरीही आंबाडे घेऊन जातो. परवा हे माझ्यासमोरच घडलं, आणि मी छत्री मिटून तिथंच उभा राहिलो. कांगलांना तसा काही खास वास नाही. मला मात्र त्यांच्याजवळ गेलं की सुतारी गोंदाचा आणि हिरव्या ऑइलपेंटचा वास येतो. शैला, म्हणजे माझी बायको, म्हणते, लोकांना ही फळं बघून गणपती आठवतो, तुम्हाला आगगाडी. खरं आहे तिचं.

माटोळी म्हणजे काय ते गोव्याबाहेरच्यांसाठी सांगतो. आतल्यांनी हे सोडून पुढे गेलं तरी चालेल. गणपती जिथं बसतो त्याच्या बरोब्बर वर, छताला, एक लाकडी चौकट आडवी टांगतात. चार बाजू आणि आत आडव्याउभ्या पट्ट्या. केवणीच्या सालीची दोरी काढून तिनं ही सगळी फळं, पानं, भाज्या त्या पट्ट्यांना बांधायच्या. रानात, कुळागरात म्हणजे नारळी-सुपारीच्या बागेत, शेतात त्या महिन्यात जे जे पिकलं ते सगळं देवाच्या माथ्यावर. मखर विकत मिळतं, मूर्ती चितारी करून देतो, पण माटोळी घरच्या माणसानंच बांधायची, आणि घराघराचा तो माणूस ठरलेला असतो. आमच्या घरचा माणूस म्हणजे आपा, माझे धाकटे काका. खाणीवर नोकरीला म्हणून तरुणपणी डिचोलीकडे गेले आणि मयेला कायमचे राहिले, पण चवथीला दोन दिवस असताना पिशव्या भरून पेडण्याला येणार म्हणजे येणार. ती चौकटही त्यांनीच केलेली, आमच्या मागच्या दारचा फणस पडला तेव्हा त्याच्या लाकडाची.

मी वायरमन माणूस. सगळी नोकरी खांबावर गेली. कुठल्या गावात कुठल्या खांबावर मुंग्यांचं घरटं आहे हे मला ठाऊक होतं, आणि मी जोडलेली तार सुटली असं कोणी म्हणालेलं मला आठवत नाही. मी हे फुशारकीनं सांगतो असं वाटेल. तर फुशारकीनंच सांगतो. हाताला काम येत असेल तर माणसानं उगाच लाजू नये.

निवृत्त झालो त्या वर्षीचा पावसाळा. पहिले पंधरा दिवस घरातली सगळी बटणं बदलली, मग शेजाऱ्यांची बदलली, मग शैला म्हणाली, आता गावात एक बटण शिल्लक नाही, तुम्ही काहीतरी दुसरं बघा. दुसरं म्हणजे काय ते माझ्या मनात केव्हापासून होतं. आमच्या शेतामागून रेल्वे जाते. ती यायची होती तेव्हा मी ऐन उमेदीत होतो. डोंगर फोडताना, भराव घालताना, पहिले रूळ पडताना रोज संध्याकाळी सायकल टाकून बघायला जायचो. तेव्हापासून एक छोटी आगगाडी घरात फिरवावी असं होतं. पोरखेळ म्हणतील म्हणून तोंडातून काढलं नव्हतं. निवृत्त माणसाला लोक काहीही म्हणतात, मग हेही म्हणू देत, असं ठरवून मी एक इंजिन, चार डबे आणि खोकाभर रूळ मागवले. दोन रुळांतलं अंतर नऊ मिलिमीटर. सबंध इंजिन माझ्या तळहातावर मावून वर अंगठ्याला जागा उरायची. पार्सल उघडलं तेव्हा शैलानं ते उचलून बघितलं, चाकं बोटानं फिरवली आणि म्हणाली, "बरां आसा. पण लावतले खंय?"

हाच खरा प्रश्न. आमचं घर म्हणजे पुढे वसरी, मागे रांधप म्हणजे स्वयंपाकघर, मध्ये एक खोली, त्यात शैलाचं शिलाई मशीन. मशीन हलणार नाही, खाट हलणार नाही, आणि वसरीत चवथीला गणपती बसतो ती बाजू सोडून उरतं ते एवढंसं. गाडीला गोल फिरायला निदान अडीच-तीन फूट रुंदी हवी. नुसती फळी घेतली तर पावसाळ्यात ती पापडासारखी वाकडी होणार. खाली घट्ट, हलकी, सरळ जाळी हवी. मी टेप घेऊन घरभर हिंडलो आणि शेवटी माळ्यावर चढलो. तिथं कापडात गुंडाळून भिंतीला टेकवलेली माटोळीची चौकट होती. पाच फूट बाय तीन फूट. मध्ये पट्ट्या, त्याही सारख्या अंतरावर. इतक्या वर्षांत तिला एक सूत बाक आलेला नव्हता.

आता बाहेरचा कोणी म्हणेल, देवाची वस्तू कशी घेतली? पण वर्षातले साडेअकरा महिने ती माळ्यावर पडून असते. माटोळी देवाची, फळं देवाची, चौकट हे लाकूड. असं मी स्वतःला सांगितलं. चवथीला अजून दोन महिने होते, आणि तोवर अशी दुसरी चौकट करणं म्हणजे माझं अर्ध्या दिवसाचं काम. शैलाला विचारलं नाही. आपांना विचारायचं तर मनातही आलं नाही.

तो आषाढ आणि तो श्रावण मला दिवसागणिक आठवतो. सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, हॉर्न वाजला की मी उठायचो, उंडा पाव चहात बुडवून खायचा आणि वसरीत जाऊन बसायचं. बाहेर पागोळ्या, जनेलातून येणारा ओला उजेड, आणि समोर चार खुर्च्यांवर ठेवलेलं माझं अख्खं पेडणं. वर्तमानपत्रं गोंदात भिजवून डोंगर केला. डोंगराला आमच्याकडचा तांबडा रंग यावा म्हणून चिऱ्याचा तुकडा खलबत्त्यात कुटला आणि शैलाच्या रव्याच्या चाळणीतून चाळला. त्या रविवारी शिऱ्यात तांबडी खर लागली. शैला दिवसभर बोलली नाही, आणि दुसऱ्या दिवशी बाजारातून नवी चाळण आणून जुनीवर काळ्या धाग्यानं खूण बांधून माझ्यासमोर ठेवली. हा तिचा होकार. मग हळूहळू ती स्वतःच येऊन बघू लागली. भातशेतीसाठी मी भुसा हिरव्या रंगात भिजवला होता, तर म्हणाली, श्रावणात शेत असं एकसारखं हिरवं नसतं, पाणी साचतं तिथं काळपट दिसतं आणि मेरेच्या, म्हणजे बांधाच्या, कडेला पिवळट. तिचं बरोबर होतं. तिनं दोन रंग वेगळे कालवून दिले. खालच्या बाजूनं चौकट उघडी दिसत होती, तर ब्लाउजांच्या उरलेल्या निळ्या कापडाची झालर शिवून चारी बाजूंना लावली. कोणी शेजारीण आली की तीच सांगायची, हा बोगदा, हे फाटक, ही आमच्या शेताची मेर.

अडचण एकाच ठिकाणी आली. मला गाडी आठाच्या आकड्यात फिरवायची होती, म्हणजे एक रूळ दुसऱ्याच्या वरून जायला हवा. त्यासाठी मध्ये दोन इंच उंची पाहिजे. एवढ्याशा जागेत गाडी तितका चढ चढेना. डोंगराशी पोचली की इंजिनाची चाकं जागच्या जागी फिरायची. तीन दिवस मी कागदावर रेघोट्या मारल्या. वरचा रूळ आणखी वर नेता येत नाही, मग खालचा खाली उतरवायचा. खाली उतरवायला आड आली चौकटीची मधली पट्टी. मी तिच्याकडे बघितलं, टेप लावला, पेन्सिलीनं दोन खुणा केल्या आणि करवत चालवली. फणसाचं जुनं लाकूड, आतून अजून पिवळंधमक. सहा इंचांचा तुकडा हातात आला. टाकवेना, म्हणून तो घासून, वर करडा रंग देऊन स्टेशनचा फलाट केला. त्याच दिवशी चौकटीच्या बाहेरच्या दोन लांब बाजू रंगवायला घेतल्या. त्यांवर जागोजागी बारीक खाचा होत्या. कुठं एक, कुठं दोन शेजारी-शेजारी, कुठं फुली. उंदरांनी कुरतडलं असेल, घासलं गेलं असेल, असं मला वाटलं. मी त्यांत लांबी भरली, लाकडाच्या भेगा बुजवायला वापरतात ती, आणि वरून हिरवा रंग मारला. हात फिरवला तर काचेसारखं लागलं. मला फार बरं वाटलं.

त्या संध्याकाळी गाडी पहिल्यांदा न थांबता सगळी फिरली. डोंगराखाली दिसेनाशी झाली, दुसऱ्या बाजूनं वर आली, पुलावरून गेली, मेरेच्या कडेनं फलाटाला लागली. शैला रांधपातून पीठ लागलेल्या हातानं येऊन दारात उभी होती. आम्ही दोघांनी अकरा फेऱ्या बघितल्या. इतकं साधं, निर्भेळ सुख मला नोकरीत कधी झालं नव्हतं, हे मी स्पष्ट सांगतो.

मध्येच आताचं सांगतो. आता माझ्याकडे जी आगगाडी आहे ती एका जुन्या दाराच्या फळीवर आहे. मध्ये बिजागरी लावून दुमडते आणि खाटेखाली सरकते. गावातले निवृत्त झालेले दोघेतिघे येतात, बघतात आणि घरी जाऊन बायकोला सांगतात की सदानंदाला काही उद्योग नाही. पण पुढच्या आठवड्यात पुन्हा येतात. जागा कमी असली की नीट विचार करावा लागतो, हे मी त्यांना सांगतो. हात आवळून काम केलं की ते जास्त चांगलं होतं, असा माझा अनुभव आहे. पहिल्या वेळेस मला एवढंच कळलं नव्हतं की जागा कोणाची आहे ते आधी विचारावं.

त्या वर्षी श्रावण संपला आणि मी शब्द दिल्याप्रमाणे, म्हणजे स्वतःला दिलेल्या, नवी चौकट केली. सागाची. पाच बाय तीन. प्रत्येक कोपरा गुण्यात, काटकोनात. पॉलिश मारलं. जुनीपेक्षा दहा पटींनी देखणी झाली. छताला टांगली आणि खालून बघून मी स्वतःवरच खूश झालो.

चवथीच्या दोन दिवस आधी दुपारच्या बसनं आपा आले. तेव्हाच त्यांनी ऐंशी ओलांडली होती. मये ते डिचोली, डिचोली ते म्हापसा, म्हापसा ते पेडणे, तीन बसगाड्या बदलून, दोन्ही हातांत पिशव्या, खांद्यावर केवणीच्या सालीची गुंडाळी. मयेच्या रानात ते अजून स्वतः फिरायचे आणि कुठल्या वेलावर कुठली फळं ते कोणाला सांगायचे नाहीत. पाय धुऊन वसरीत आले आणि थबकले.

"कितां रे ह्यां?"

"आगगाडी, आपा."

"चलता?"

मी बटण दाबलं. आपा वाकले, मग गुडघ्यांवर हात ठेवून बसले, मग सरळ खाली मांडी घातली. गाडी डोंगरात शिरली की ते दुसऱ्या तोंडाकडे बघत राहायचे आणि ती बाहेर आली की मान हलवायचे. त्यांना असं गंमत बघताना मी कधीच बघितलं नव्हतं. मग त्यांचं लक्ष वर गेलं.

"चवकट नवी दिसता. पोरनी खंय?"

मी खरं सांगायला हवं होतं. त्या क्षणी सांगितलं असतं तर फार तर चार शब्द ऐकावे लागले असते. मी म्हणालो, "वाळवी लागली आपा, टाकून दिली."

"फणसाक वाळवी?" एवढंच म्हणाले, आणि चहाचा पेला उचलला. शैला माझ्याकडे बघत होती. चौकट मी आपांना न विचारता घेतली हे तिला तोवर कळलेलं नव्हतं, आता कळलं.

दुसऱ्या दिवशी तय. चवथीच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बायका उपास करतात आणि माटोळीही त्याच दिवशी बांधतात. सकाळी आंघोळ करून आपा स्टुलावर चढले. मी खालून स्टूल धरलं होतं. शैला एकेक जिन्नस हातात देत होती. त्यांनी पहिला कांगलांचा घोस घेतला, हात वर नेला आणि हात तिथंच फिरत राहिला. पट्टीवरून इकडे गेला, तिकडे गेला, परत आला. त्यांनी घोस खाली दिला आणि घागऱ्यो मागितल्या. त्यांचंही तेच. शेवटी एक तोरिंग कुठंतरी मध्येच बांधलं, खाली उतरून बघितलं, परत चढून सोडलं. दर वर्षी मी बघत आलो होतो. आपा माटोळी बांधताना वर बघतसुद्धा नसत. इकडच्या तिकडच्या गप्पा मारत हात आपोआप जायचे आणि दीड तासात सगळं टांगून व्हायचं. त्या दिवशी ते एक शब्द बोलत नव्हते. कपाळावर घाम आला होता.

तिसऱ्यांदा उतरले आणि कदेलावर, म्हणजे खुर्चीवर, बसले. सगळी फळं जमिनीवर तशीच पडली होती. आपांनी धोतराच्या टोकानं तोंड पुसलं आणि शैलाला, मला नव्हे, शैलाला म्हणाले, "म्हाका विसर पडलो गो बाय. कितां खंय बांदप तां आठवना." धोतराचं टोक सोडलं. "आतां पुरो. फुडल्या वर्सा दुसऱ्या कोणाक सांगा. हांव सांजेच्या बशीन वतां."

चवथीच्या तोंडावर आपा परत जायला निघणार. आणि ज्या एका कामासाठी ते वर्षभर पेडण्याची वाट बघत ते काम आपल्याच्यानं होत नाही, असं ठरवून निघणार. म्हातारपण आलं असं मीसुद्धा क्षणभर समजलो. इथपर्यंत मी खरोखरच काही समजलो नव्हतो.

समजलं शैलाला. ती उठली, आगगाडीपाशी गेली, आपण शिवलेली निळी झालर वर केली आणि चौकटीच्या आतल्या पट्टीवरून हळूहळू बोटं फिरवली. मग मला खुणेनं बोलावलं. "आयकलां? हांगा हात लाया."

मी हात लावला. आतल्या पट्ट्यांना मी रंग दिला नव्हता, म्हणून तिथं खाचा तशाच होत्या. एक खाच. चार बोटं सोडून दोन खाचा. मग फुली. बोटाच्या पेराला लागावी एवढीच खोल, कडा झिजून गुळगुळीत झालेली. उंदीर फुली काढत नाही. हे एवढं माझ्या डोक्यात यायला दोन महिने आणि बायकोचं बोट लागलं. तरुणपणी आपांनी चौकट केली तेव्हाच कुठं काय बांधायचं त्याच्या खुणा पाडल्या असणार. नंतर इतकी वर्षं हात त्या खुणांवरून गेला की खुणा आहेत हेच त्यांच्या ध्यानातून गेलं. डोकं विसरलं नव्हतं. डोक्यात ते कधी ठेवलंच नव्हतं. ते या लाकडात होतं आणि मी त्यावर लांबी भरून हिरवा रंग मारला होता. मला अशी लाज वाटली की कानांपर्यंत गरम झालं.

शैला हळूच म्हणाली, "गाडी परत बांदतां येतली. आपा परत येवचे नात."

मी पेचकस आणला. दोन महिन्यांचं काम काढायला अडीच तास लागले. आधी रूळ, मग पूल, मग डोंगर उचलला. तो सबंध निघेना, तर मधोमध फोडला. फोडताना मला वाईट वाटलं, हे नाकारत नाही. त्या डोंगरात माझा अख्खा आषाढ होता. शैला उपाशी पोटी माझ्याबरोबर बसून खालच्या बाजूनं स्क्रू फिरवत होती, आणि भातशेती खरवडायची वेळ आली तेव्हा ती पाणी आणायला म्हणून उठून आत गेली. मी चाकूच्या टोकानं एकेका खाचेतली लांबी उकरून काढली. काही ठिकाणी रंग बसला तो बसलाच.

मधली पट्टी राहिली. फलाट उपटला, घासून रंग काढला, तुकडा पुन्हा जागेवर बसवला. नुसत्या गोंदावर भरवसा नव्हता, कारण मधल्या पट्टीला नारळांची पेंड लटकते, सोललेले नव्हेत, सालासकट पाच-सहा नारळ. मग रेल्वेवाले दोन रूळ जोडताना करतात तेच केलं: दोन्ही बाजूंनी लांब पट्टी लावली, आरपार भोकं पाडली आणि बोल्ट पिळले. सायकलवरून रोज बघायला जायचो तेव्हा शिकलेलं ते, प्रथमच कामाला आलं.

एवढा वेळ आपा मागच्या दारी फणसाच्या खुंटावर बसून होते. पिशवी भरून बाजूला ठेवलेली. मी चौकट खांद्यावर घेऊन त्यांच्यासमोर गेलो आणि काय बोलावं ते सुचेना, म्हणून खरं होतं ते बोललो. "आपा, वाळवी नव्हती. मी गाडीसाठी घेतली. मधली पट्टी कापली. तुमच्या खुणा बुजवल्या. विसर तुम्हाला नाही पडला, मी पाडला."

त्यांनी चौकट माझ्याकडून घेतली. उलटी केली, सुलटी केली. कडेवरच्या हिरव्या ठिपक्यांवर अंगठा घासला. "वाळवी हिरवी आसता तां म्हाका खबर नासलां," म्हणाले. मग बोल्टांकडे बराच वेळ बघितलं. मग एका खाचेवर बोट ठेवलं, आणि त्यांचा चेहरा सैल झाला. "आंबाडे," ते म्हणाले. पुढच्या खाचेवर, "घागऱ्यो." पुढच्या फुलीवर, "शिपटां." असे चारी बाजूंनी फिरून आले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि त्यांनी ते बघितलं नाही असं दाखवलं.

सागाची देखणी चौकट खाली आली आणि फणसाची वर गेली. आपा स्टुलावर चढले आणि पहिल्याच घोसापासून बोलायला लागले. मयेच्या तळ्यात यंदा पाणी किती आहे, कुठल्या भाच्याचं लग्न ठरलं, म्हापशाच्या बसमध्ये कोण भांडलं. हात वर आपल्या वाटेनं जात होते. शैला जिन्नस देत होती, मी दोऱ्या देत होतो. कांगलां, आंबाडे, चिबूड, काकडी, दोडकी, सुपारी. संध्याकाळचा उजेड असतानाच सगळं भरत आलं. शेवटी नारळांची पेंड उरली. ती आपांनी मधल्या पट्टीला बांधली, बरोबर माझ्या जोडावर, आणि हात सोडला. पट्टी हलली नाही. मी तरी खालून हात वर धरूनच होतो.

आपा उतरले. पाट मांडायची जागा अजून रिकामी होती, मूर्ती दुसऱ्या दिवशी सकाळी यायची. ते वाकून त्या जागी गेले आणि पेंडीच्या बरोब्बर खाली, शेणानं सारवल्यागत पुसलेल्या त्या चौकोनात, भिंतीला पाठ लावून बसले. पिशवीतून तपकिरीची डबी काढली.

"आपा, थंय बसू नकात," मी म्हणालो. "कदेलार बसा."

"कित्याक?"

"नारळ आसत माथ्यार. जोड नवो आसा."

त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही. "जोडलां कोणें? तुवेंच न्हय रे?"

"हय."

"मग?" आपा म्हणाले, आणि पाय लांब केले.